मोहफुलाचा गुन्हा

मागच्या उन्हाळ्यात मोखाड्याहून ठाण्याला निघताना एका ओळखीच्या घरून मोहफुलं बांधून दिली. वाळलेली, तपकिरी, एकमेकांना किंचित चिकटलेली. आधी जुन्या लुगड्याच्या फडक्यात गाठ मारलेली आणि वरून प्लास्टिकची पिशवी, तरी आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये वास पसरायचा तो पसरलाच. गोड, जरासा आंबूस आणि त्याखाली ओल्या मातीसारखं काहीतरी कोंदट. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे काका होते. त्यांची सगळी नोकरी दारूबंदीच्या कामात गेली, आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी एकदाच नाकाने श्वास ओढला आणि म्हणाले, "मोह आहे ना? आमच्या वेळी एवढ्यावर केस झाली असती." आवाजात राग नव्हता, धाकही नव्हता. जुन्या ओळखीचं माणूस अचानक दिसावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांचा मजला आला, ते उतरले. माझ्या मनातून मात्र ते वाक्य उतरेना. दारू गाळली तर गुन्हा, विकली तर गुन्हा, हे लहानपणापासून माहीत आहे. पण झाडावरून आपसूक गळून जमिनीवर पडलेल्या फुलाचा गुन्हा काय असेल?

माझे वडील मोखाडा तालुक्यातल्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे माझं बालपण त्या डोंगरपट्टीत गेलं. फाल्गुन सरता सरता मोहाची पानं झडून जायची आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना करड्या-तांबूस कळ्यांचे झुबके धरायचे. ही फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्यावर तुटून पडतात आणि पहाटे ती टपटप गळायला लागतात. गळतो तो फक्त पाकळ्यांचा मांसल, मलईच्या रंगाचा गोळा. मागे देठावर बारीकशी दांडी राहते, तिचंच पुढे फळ होतं. म्हणजे खाली पडलेलं फूल वेचल्याने झाडाचं काहीच जात नाही. फुलं स्वच्छ वेचता यावीत म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा गोळा करून जाळलेला असायचा, त्या राखेचा वास आणि फुलांचा वास एकात एक मिसळून पहाटेच्या थंडीत जमिनीलगत थांबून राहायचा. बायका टोपल्या घेऊन अंधारातच निघायच्या, कारण उशीर झाला की गुरं येतात, गुरांच्या आधी भेकर येऊन गेलेलं असतं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली त्या दोन-तीन आठवड्यांत शाळेला उशिरा यायच्या. बोटं चिकट, ओच्यात दोन-चार फुलं. वडील त्यांना ओरडत नसत. हजेरी थोडी मागे घ्यायचे.

ताजं फूल तोंडात टाकलं की आधी नुसता गोड रस येतो, एवढा गोड की घसा धरतो आणि मग मागून एक उग्र चव वर येते. मला ती चव पहिल्यांदा आवडली नव्हती. नंतर तिची सवय झाली आणि आता ती मिळत नाही म्हणून चुकल्याचुकल्यासारखं होतं. अंगणात सारवलेल्या जागेवर फुलं वाळत घातलेली असायची, त्यांवर मधमाश्या घोंघावायच्या, आणि चार दिवसांत त्यांचा रंग मलईवरून मनुकांवर यायचा. मग ती कणगीत जायची. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की ती उकडून खायची, नाचणीच्या पिठात कालवून भाकर थापायची, बैलांना पेरणीच्या दिवसांत मूठभर घालायची. कोवळ्या फळांची, मोहदोड्यांची भाजी व्हायची. बियांचं तेल निघायचं, ते दिव्यालाही चालायचं आणि अंगालाही. आणि हो, दारूही व्हायची. ती वगळून मोहावर लिहिणं खोटं ठरेल. वारल्यांच्या लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणून लग्न लावते, तिच्यापुढे दारू असते. हिरवा देवापुढे, नारनदेवापुढे, घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने आधी काही थेंब जमिनीवर सोडतात, मगच माणसांनी प्यायची. मी हे शेजारच्या घराच्या ओट्यावर बसून पाहिलं आहे. थेंब सोडणाऱ्या म्हाताऱ्याचा हात थरथरत असे, पण धार नेमकी पडत असे.

हे एवढं सगळं ज्या फुलाचं आहे, ते फूल कायद्याच्या पुस्तकात नुसतं दारूचा कच्चा माल म्हणून आहे.

काकांच्या वाक्याचा माग काढत मी मागे मागे गेले आणि पोचले ती उरणला. आज उरण म्हटलं की कंटेनरच्या रांगा आणि ट्रेलर डोळ्यांपुढे येतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उरण प्रसिद्ध होतं ते दारूच्या भट्ट्यांसाठी. त्या भट्ट्यांत मोहाचीच दारू निघायची, मालक बहुतेक पारशी व्यापारी, आणि फुलं यायची पंचमहालासारख्या लांबच्या भागांतून. मुंबई शहर, ठाणे, कुलाबा जिल्हा (आजचा रायगड) या सगळ्यांना पुरवठा तिथून. 1878 साली मुंबईचा अबकारी कायदा आला. त्याआधी डोंगरपट्टीत मक्तेदार होते, पाड्यापाड्यांवर लहान भट्ट्या होत्या, घरगुती गाळपही होतं. नव्या कायद्याने पाड्यांवरची गाळणी बंद झाली. दारू मोठ्या भट्टीतच निघणार, सरकारचा कर तिथेच मापून वसूल होणार आणि लोकांनी ती परवानाधारक दुकानातून विकत घ्यायची. किनाऱ्यावर ताडीच्या झाडांचंही तेच झालं. छेदलेल्या झाडामागे कर वाढत गेला, भंडाऱ्यांनी त्याला विरोध केला. सरकारच्या हिशेबाने ही सगळी व्यवस्था नीटनेटकी होती. फक्त एक अडचण होती. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची झाडं घराघरामागे उभी होती, फुलं फुकट पडत होती, आणि मडकं तर प्रत्येकाकडे असतंच. दुकानातली दारू महाग झाली की लोक घरची गाळत. भट्टी रानात लपवता येते, शिपाई पोचेपर्यंत मडकी फोडून टाकता येतात. कोणाकोणाला पकडणार?

यावर सरकारने जो मार्ग काढला तो 1892 सालचा मुंबईचा मोहाचा कायदा. दारू पकडणं जमत नाही, तर फूलच धरायचं. ठाणे आणि कुलाबा, एवढ्या दोनच जिल्ह्यांसाठी हा खास कायदा होता. तिथे मोहफुलं बाळगण्यावर आणि बाहेरून आणण्यावर निर्बंध आले. गंमत वाटावी असं यात काहीच नाही, पण मला ते पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटलं. ज्या जिल्ह्यांत झाडं आहेत, त्याच जिल्ह्यांत फूल बाळगायला अडकाठी, आणि शेकडो मैलांवरून आलेल्या त्याच फुलाला उरणच्या भट्टीत राजमार्ग. फूल वाईट आहे असं सरकारला वाटत नव्हतं. दारू वाईट आहे असंही त्या कायद्याला वाटत नव्हतं. कर न भरलेली दारू वाईट, एवढंच त्याचं म्हणणं. ज्या बाईच्या कणगीत पावसाळ्यासाठी फुलं साठवलेली होती, तिच्या पोटाचा विचार त्या हिशेबात बसत नव्हता. आणि बाळगण्याचाच गुन्हा ठरला की पुराव्याचा प्रश्नही मिटतो. ही फुलं खायला आहेत, बैलाला आहेत, की गाळायला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर उरत नाही. ती त्या बाईवर येते. फुलाच्या अंगावर थोडंच लिहिलेलं असतं?

मी राहते ते ठाण्यात. ज्या स्वयंपाकघरात मी ती फुलं निवडून डब्यात भरली, ती जमीन त्या कायद्याच्या हद्दीतली. हा विचार आला तेव्हा माझा हात क्षणभर थांबला.

स्वातंत्र्यानंतर हे सगळं गळून पडेल असं वाटतं. झालं उलटं. 1949 साली मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला. त्यामागचा हेतू मात्र वेगळा होता, हे मान्य केलंच पाहिजे. इथे महसूल वाढवायचा नव्हता, उलट सरकार महसुलावर पाणी सोडायला तयार होतं. गांधीजींच्या पिढीने दारूच्या दुकानांपुढे निदर्शनं केली होती, त्यांच्या दृष्टीने हा स्वातंत्र्याचाच भाग होता. पण या नव्या कायद्यातही मोहफूल आलंच, आणि 1950 साली मुंबई मोहफुलं नियम आले. हेतू बदलला, फूल बाळगायला परवाना लागण्याची कल्पना तीच राहिली. इंग्रजाला त्या फुलात बुडालेला कर दिसत होता, आपल्याला बुडालेला माणूस दिसू लागला. वेचणारीला दोन्ही वेळा शिपाईच दिसला.

याच कायद्याची दुसरी कहाणी शहरातली आहे, आणि ती शेजारी ठेवली की मला अस्वस्थ व्हायला होतं. कायदा लागू झाल्यावर बलसारा नावाच्या मुंबईकर गृहस्थांनी त्याला आव्हान दिलं. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी टिकवला, पण औषधं आणि प्रसाधनं ज्यांत अल्कोहोल असतं, ती बाळगण्या-वापरण्यावरची बंदी रद्द केली. ओ-द-कोलोनची बाटली म्हणजे दारू नव्हे, तिचा कोणी दुरुपयोग करील म्हणून सगळ्यांना ती नाकारता येत नाही, असा त्यामागचा साधा न्याय. मला तो निकाल मनापासून पटतो. पण मोहफुलाला तो न्याय कोणी लावला नाही, कारण मोहफुलाच्या वतीने न्यायालयात कोणी उभं राहिलं नाही. पुढे साठच्या दशकात आणि सत्तरच्या सुरुवातीला बंदी सैल झाली आणि शहरासाठी परवाने आले. दारू पिण्याचा एका दिवसाचा परवाना देशीला 2 रुपयांत, विदेशीला 5 रुपयांत, वर्षाचा 100 रुपयांत, आणि जन्मभराचा 1000 रुपयांत. दुकानदार बाटलीबरोबर तो फाडून देतो, घेणारा बघतही नाही. आपल्याकडचे बार आजही परमिट रूम या नावाने चालतात. नाशिकच्या किंवा पुण्याच्या माणसाला 5 रुपयांत जे मिळत होतं, त्याच्या अलीकडचं, अजून दारू न झालेलं काहीतरी जव्हारच्या बाईला निर्धास्तपणे घरात ठेवता येत नव्हतं.

काकांकडे मी मग मुद्दाम चहाला गेले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कसलीही अढी नाही, उलट त्या संध्याकाळनंतर आदर वाढला. ते मोकळेपणाने बोलले. खाडीकाठचं काम वेगळं असायचं, म्हणाले. तिथे मोह नसे, काळा गूळ आणि नवसागर. रसायनाचे पिंप कांदळवनात चिखलात पुरलेले असत, हातात लोखंडी सळई घेऊन ती खुपसत खुपसत चालायचं, खालून ठणका आला की उकरायचं. पाय मांडीपर्यंत रुतायचे. जंगलपट्टीत गेलं की घरात शिरून कणगीत हात घालावा लागे. "दारूबंदीचं कलम लावायचं, पंचनामा करायचा, सॅम्पल काढायचं, बाकीचा मुद्देमाल जागेवर नष्ट." मी विचारलं, फुलं कशी नष्ट करायचे? म्हणाले, अंगणात ओतून मातीत मिसळून टाकायचो, वर पाणी मारायचो. मग थोडा वेळ गप्प राहिले. एका पाड्यावर त्यांनी असं केलं तेव्हा घरातली म्हातारी काहीच बोलली नाही, पथक निघाल्यावर ती खाली बसली आणि चिखलातली फुलं एकेक करून वेचायला लागली. जीपमधून मागे वळून पाहिलं तर ती वेचतच होती. "ती गाळणार होती की खाणार होती, मला आजही माहीत नाही," काका म्हणाले. काकूंनी आणलेला चहा तोवर निवला होता.

दारूबंदीच्या कायद्यात जे झालं, त्याची एक बाजू जंगलाच्या कायद्यातही आहे. 1927 चा भारतीय वन कायदा वनोपज कशाला म्हणायचं ते सांगतो. पानं, साधी फुलं, गवत, मध या वस्तू जंगलात सापडल्या तर वनोपज. पण काही वस्तूंची वेगळी यादी आहे. त्या जंगलात सापडोत वा न सापडोत, जंगलातून आणलेल्या असोत वा नसोत, त्या वनोपजच. लाकूड, कोळसा, लाख, हिरडा यांच्या रांगेत तिथे मोहाचं फूल आणि मोहाचं बीसुद्धा आहे. म्हणजे आजोबांनी स्वतःच्या शेताच्या बांधावर लावलेल्या झाडाचं फूलही वनोपज. मोहाचं झाड कुठेही उभं असलं तरी त्याच्याभोवती कायद्याने एक अदृश्य जंगल उभं केलेलं आहे. याच कायद्यात बांबूची गणना झाडांत होत होती. गवताच्या कुळातला बांबू तोडायला झाड तोडण्याचे नियम. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले, तरी स्वतःचा बांबू गावाबाहेर न्यायचा पास त्यांच्या हातात यायला एप्रिल 2011 उजाडला, आणि तेव्हा केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं. वनाबाहेरच्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून सोडवणारी दुरुस्ती तर 2017 ची. मेंढ्याचे लोक नेटाने भांडले म्हणून बांबूची गोष्ट आपल्याला माहीत आहे. मोहासाठी तसं एक गाव, एक तारीख सांगता येत नाही.

इथवर लिहिल्यावर माझ्याच मनातली दुसरी बाजू मला गप्प बसू देत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिचे वडील रोज पीत. मोहाची असेल, गुळाची असेल, दुकानातली असेल. ती शाळेत यायची तेव्हा पाटीपेक्षा धाकटा भाऊ जास्त सांभाळायची, कारण त्याला घरी ठेवणं धोक्याचं होतं. तिच्या आईला कोणी सांगितलं असतं की ही तुमची संस्कृती आहे, तर तिने काय उत्तर दिलं असतं? आणि दारू सोडा हे आदिवासींना फक्त बाहेरच्यांनी सांगितलं असंही नाही. 1921-22 च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमधून एक देवी निघाली, सलाबाई. ती माणसांच्या अंगात यायची आणि सांगायची, दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, पारशाच्या दुकानात जाऊ नका. गावागावांतून ती डोंगरांत शिरली, डांगात, सुरतेकडे, खानदेशाकडे पसरली आणि हजारो आदिवासींनी तिचं ऐकलं. त्यांना कोणत्या कायद्याने भाग पाडलं नव्हतं. ज्या दुकानदाराच्या वहीत त्यांची जमीन अडकत चालली होती, त्याच्या दारातून त्यांनी स्वतः पाऊल मागे घेतलं. फुलावर बंदी घालून तीस वर्षांत सरकारला जे साधलं नव्हतं, ते देवीने बघता बघता करून दाखवलं. फार काळ टिकलं नाही, पण झालं.

गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, तीही लोकांनी मागून घेतलेली. वर्ध्यात 1975 पासून, गांधीजींच्या सेवाग्राममुळे. चंद्रपुरात बायकांनी मोर्चे काढून 2015 मध्ये बंदी आणली, 2021 मध्ये ती उठली, तेव्हा त्या बायकांना काय वाटलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आणि आपल्या राज्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा नियम म्हणजे आडव्या बाटलीचा. गावातल्या बायका मागणी करतात, मतदान होतं, मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की गावातलं दुकान बंद. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही कळेल असं चित्र. हा कायदा कुठून आला हे गावातली प्रत्येक बाई सांगू शकते, कारण तो तिच्या घरातून आला आहे. तो कोणाच्या कणगीत हात घालत नाही. दुकानाचं शटर ओढतो.

फुलाच्या कायद्यात मला सलतं ते हेच. 2015 मध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉलने, कारखान्यातून आलेल्या विषाने. तिथल्या बायका ज्या दारूमुळे विधवा झाल्या, तिचा मोहाच्या झाडाशी काही संबंध नाही. आणि वर्गातल्या त्या मुलीच्या आईला मोहफुलं बाळगण्यावरच्या बंदीने कधीही वाचवलं नाही. तिचा नवरा पीतच राहिला. ती मात्र उन्हाळ्यात फुलं वेचून आठवडी बाजारात न्यायची आणि व्यापारी देईल त्या भावाला देऊन टाकायची, कारण साठवून ठेवायची तर भीती. वेचणीच्या दिवसांत सगळीकडे फुलंच फुलं, भाव पडलेला. तीच फुलं आषाढात दुप्पट पैसे देऊन तिच्यासारख्याच कोणीतरी परत विकत घ्यायची. साठवणुकीवरच्या बंदीने दारू किती थांबली ते कोणी सांगू शकणार नाही. व्यापाऱ्याचं गोदाम कोणी भरून दिलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

2021 साली राज्य सरकारने मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि नेणं यांवरचे निर्बंध उठवले. 1892 पासून मोजलं तर 129 वर्षं. पेपरात आतल्या पानावर बातमी आली होती. मी ती मोखाड्यातल्या त्या ओळखीच्या बाईंना सांगितली, तर त्या म्हणाल्या, "आता चालतं का?" आणि मग पुढच्याच वाक्यात मुलाला हाक मारून गोणी पडवीतून आत न्यायला सांगितली, पाहुणे आले होते म्हणून. पिढ्यान् पिढ्यांची भीती सरकारी राजपत्राने जात नाही. बाजारात फुलं आता उघडी मांडलेली दिसतात, हे खरं. लाडू, सरबत, जाम करणारे बचत गट उभे राहिलेत, त्यांच्या स्टॉलवर शहरातले लोक कुतूहलाने वास घेऊन बघतात, काही जण तोंड वाकडं करतात, काही जण दोन पाकिटं घेतात. मला ते बघून आनंद होतो, खराखुरा.

पण दारूचं काय, हा प्रश्न शिल्लक आहे आणि तो टाळून चालणार नाही. 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडं आणि मोहफुलं यांपासून होणाऱ्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याचा दर्जा द्यायचं ठरवलं. दर्जा वाढला म्हणजे बाटली चांगली होईल, लेबल छापील होईल, ती मोठ्या हॉटेलांत ठेवली जाईल. तो परवाना, ती यंत्रसामग्री, तो कर परवडणारा माणूस कोण असेल, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. डोंगरातलं फूल पुन्हा एकदा लांबच्या मोठ्या भट्टीत जाईल आणि पाड्यावर गाळणाऱ्या बाईवर दारूबंदीचं कलम लागतच राहील. उरणला हेच झालं होतं. शेजारच्या मध्य प्रदेशाने निदान एक वेगळी वाट धरली. तिथल्या हेरिटेज मद्य धोरणात मोहाची दारू बनवण्याचा परवाना आदिवासी बचत गटांना मिळतो, अलिराजपूरसारख्या जिल्ह्यांत तशी सुरुवातही झाली. आपल्याकडे अनुसूचित क्षेत्रात पेसा कायदा आहे, गौण वनोपजावर ग्रामसभेची मालकी आहे असं तो 1996 पासून सांगतो. मग मोहाची भट्टी हवी की नको, हवी तर कोणाची, किती, कोणत्या दिवसांत, हे ग्रामसभेला ठरवू द्या. त्या सभेत थेंब सोडणारा म्हातारा बसलेला असेल आणि माझ्या वर्गातल्या मुलीची आईही. त्यांचं भांडण होईल. कदाचित गडचिरोलीतल्या गावासारखं ते नको म्हणतील, आणि त्यांनी नको म्हटलं तर माझं काही म्हणणं नाही.